वांग्याच्या मळ्यातून भुंगा का दुरावतो?

सुरत : हिवाळा सुरू होताच सुरतेत उंधियूचा दरवळ सुटतो. त्यातील पापडी आणि वांग्यांच्या फुलांना ज्या कीटकांची मदत होते, त्यांत काळा भुंगा महत्त्वाचा.

जगात ज्यांच्या घटत्या संख्येची चिंता व्यक्त होते, त्या ‘बंबलबी’ भारतात मुख्यतः हिमालयात आढळतात. त्यांची एक जात अमेरिकेने २०१७ मध्ये संकटग्रस्त ठरवली. सुरतेत किंवा गोव्यात त्यांचे काम भुंगा करतो. वांग्याचे पराग नळीसारख्या कोशात बंद असतात. भुंगा फुलाला बिलगून अंग थरथरवतो, तेव्हा टोकाच्या छिद्रातून ते बाहेर पडतात. पेटीतील मधमाशीला हे साधत नाही. त्याच्याविनाही वांगी धरतात. मात्र तो आल्यास फळधारणा वाढते.

भुंगा वाळके लाकूड किंवा बांबू पोखरून घर करतो. तापीकाठची शेती शहरात सामावली, तशी बांधावरची जुनी झाडे आणि कुंपणेही गेली. उरलेल्या मळ्यांत फळ पोखरणाऱ्या अळीसाठी वारंवार फवारणी होते. इमिडाक्लोप्रिडसारखे कीटकनाशक परागातही उतरते. युरोपीय संघाने २०१८ मध्ये त्याच्या उघड्या शेतातील वापरावर बंदी घातली. भुंग्याची मादी मोजकीच अंडी घालते, त्यामुळे झालेली हानी लवकर भरून निघत नाही.

फुलोऱ्यात सकाळची फवारणी टाळणे आणि बांधावर वाळका ओंडका राहू देणे, हे उपाय बिनखर्चाचे आहेत. आगशीच्या वांग्यांचा अभिमान बाळगणाऱ्या गोव्यालाही ते तितकेच लागू पडतात.