एक कोंबडी, तीन संध्याकाळी

दोस्तांनो, संध्याकाळी सहाच्या सुमारास तुमच्या घरी काय चाललेलं असतं? कुणी क्लासहून येतंय, कुणी खेळून, आई ऑफिसातून आत्ताच आलीय आणि पर्स खाली ठेवायच्या आधीच पहिला प्रश्न तिच्या कानावर पडतो, "आई, आज जेवायला काय?"

हा प्रश्न साता समुद्रापलीकडेही अगदी असाच विचारला जातो, बरं का! माझी धाकटी बहीण अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातल्या एडिसन गावी राहते. ती एका हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत काम करते. मेहुणे रोज आगगाडीने न्यूयॉर्कला जातात आणि साडेसातला परततात. तेरा वर्षांची भाची आणि दहा वर्षांचा भाचा दुपारी शाळेच्या बसने घरी येतात. तिथे पोळ्या लाटायला बाई नाही, शेजारच्या काकू नाहीत, आजी तर हजारो मैलांवर. मी दीड महिना त्यांच्याकडे राहिले, तेव्हा या घराने आपला प्रश्न कसा सोडवलाय ते पाहिलं. त्यांच्या उत्तराचं नाव होतं रोटिसरी चिकन.

गरगर फिरणारी कोंबडी

रोटिसरी हा मूळचा फ्रेंच शब्द. त्याचा संबंध भाजण्याशी आहे. आडव्या सळईत अख्खी कोंबडी ओवायची आणि विस्तवासमोर सावकाश फिरवत ठेवायची. फिरवायची कशासाठी? एक तर चारही बाजूंनी सारखी आच लागते. दुसरं म्हणजे चरबी वितळून खाली टपकण्याआधीच कोंबडी फिरते आणि ती चरबी पुन्हा तिच्याच अंगावरून ओघळते. त्यामुळे वरून खरपूस आणि आतून मऊ रसाळ!

पूर्वी ही सळई फिरवायला माणूस बसवावा लागे. इंग्लंडमध्ये तर या कामासाठी आखूड पायांचे कुत्रे पाळत. भिंतीवर लाकडी चाक असे. त्यात कुत्रा धावायचा, चाक फिरायचं आणि दोरीने जोडलेली सळईही फिरायची. वेल्समधल्या ॲबरगॅव्हेनी गावच्या संग्रहालयात असा एक पेंढा भरलेला कुत्रा जपून ठेवला आहे. त्याचं नाव व्हिस्की! आता हे काम विजेची मोटर करते आणि कुत्रे मजेत झोपा काढतात.

अमेरिकेत १९८५ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या न्यूटन इथे 'बॉस्टन चिकन' नावाचं दुकान निघालं. अशी भाजलेली कोंबडी घरी न्यायची पद्धत त्यानंतर फार झपाट्याने पसरली. मग मोठमोठ्या किराणा दुकानांनीही काचेच्या कपाटात कोंबड्या फिरवायला सुरुवात केली. 'कॉस्टको' या दुकानांच्या साखळीने तर २००९ पासून वर्षानुवर्षं आपल्या कोंबडीची किंमत ४.९९ डॉलरच ठेवली. कोंबडीही लहान नाही, जवळजवळ १.४ किलोची!

मी बहिणीला विचारलं, "अगं, कच्च्या कोंबडीपेक्षा भाजलेली स्वस्त? हे परवडतं कसं त्यांना?"

ती हसून म्हणाली, "ताई, कोंबड्या कुठे ठेवल्यात ते पाहिलंस का? दुकानाच्या पार मागे! तिथे पोचेपर्यंत माणूस साबण, बिस्किटं आणि नको असलेली खुर्चीसुद्धा गाडीत टाकतो."

म्हणजे कोंबडी स्वस्त, पण आपण यादी करून गेलो तरच!

पहिली संध्याकाळ : जशी आहे तशी

बहीण सोमवारी कामावरून येताना कोंबडी घेऊन येते. त्या दिवशी फारसा स्वयंपाक नसतो. ती यायच्या आधी भाची कुकरला भात लावते. भाचा काकडी-टोमॅटोची कोशिंबीर करतो आणि मटार-मक्याचे दाणे वाफवतो. कोंबडीचे पाय आणि वरचे मोठे तुकडे पानात घेतले की झालं जेवण. पंचवीस मिनिटांत सगळे टेबलाशी!

पण खरं काम जेवणानंतर असतं. कोंबडी कोमट असतानाच हात स्वच्छ धुऊन हाडांवरचं सगळं मांस सुटं करायचं. गार झाल्यावर ते हाडांना चिकटून बसतं, कोमट असताना मात्र बोटांनी भराभर निघतं. एका कोंबडीतून साधारण तीन ते चार कप तुकडे मिळतात. पहिल्या जेवणानंतर उरतील ते उथळ डब्यांत भरून फ्रिजमध्ये ठेवायचे. हाडं वेगळ्या डब्यात. ती टाकायची नाहीत! का, ते तिसऱ्या संध्याकाळी कळेल.

दुसरी संध्याकाळ : झटपट रस्सा

मंगळवारी भाची गॅसपाशी आणि मी शेजारी स्टुलावर. "मावशी, तू फक्त बघायचं हं," असा हुकूमच होता.

दोन चमचे तेलात दोन कांदे बारीक चिरून लालसर परतायचे. त्यात चमचाभर आलं-लसूण वाटण, चिमूटभर हळद, दोन चिरलेले टोमॅटो आणि दोन चमचे कांदा-लसूण मसाला घालायचा. टोमॅटो मऊ झाले की दीड कप पाणी आणि अर्धा कप नारळाचं दूध. हे सगळं दहा मिनिटं उकळू द्यायचं. आणि मग, अगदी शेवटी, दोन कप चिकन.

मी म्हटलं, "आधी नाही का घालायचं? मसाला मुरला पाहिजे ना!"

"नाही मावशी. ते शिजलेलंच आहे. पुन्हा शिजवलं तर चोथा होतो. आपण फक्त चांगलं गरम करायचं."

सगळ्या युक्तीचं मर्म या एका वाक्यात आहे. विकतचं भाजलेलं चिकन नेहमी शेवटी घालायचं. भोवतालचं सगळं आधी तयार करायचं, मग ते आत सोडून रस्सा पाच मिनिटं खदखदू द्यायचा. आणखी एक गोष्ट, मीठ सगळ्यांत शेवटी, चव घेऊन! दुकानातल्या बहुतेक कोंबड्यांना भाजण्याआधीच मिठाचं पाणी दिलेलं असतं. नेहमीच्या अंदाजाने मीठ घातलंत तर रस्सा खारट झालाच म्हणून समजा.

भाच्याची आवड वेगळी. मेक्सिकोची टॉर्टिला आपल्या पोळीची चुलतबहीण शोभेल अशी असते. अर्ध्या टॉर्टिलावर किसलेलं चीज, गरम केलेलं चिकन, कांदा आणि कोथिंबीर पसरायची, दुसरा अर्धा भाग वर दुमडायचा आणि तव्यावर दोन्ही बाजूंनी दोन-दोन मिनिटं भाजायचं. सकाळच्या उरलेल्या पोळीचंही हे झकास होतं, मी इथे येऊन करून पाहिलंय.

तिसरी संध्याकाळ : हाडांची जादू

बुधवारी फ्रिजमधला हाडांचा डबा बाहेर निघतो. कुकरमध्ये हाडं, एक कांदा, एक गाजर, आल्याचा तुकडा आणि चार-पाच मिरे घालून हाडं बुडतील इतकं पाणी ओतायचं. शिट्टी झाली की आच मंद करून पाऊण तास ठेवायचं. वाफ पूर्ण जिरल्यावर कुकर उघडून पाणी गाळायचं. हे मात्र मोठ्या माणसाचं काम! गाळणी बारीक हवी, कारण लहानसं हाडही घशात अडकू शकतं.

गाळलेल्या पाण्यात नूडल्स किंवा उरलेला भात, मूठभर मटार आणि शेवटचे चिकनचे तुकडे घालून एक उकळी आणली की गरमागरम सूप तयार. गंमत पाहायची असेल तर थोडं सूप वाटीत घेऊन फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी ते जेलीसारखं थरथरताना दिसेल! हाडांच्या सांध्यांत कोलॅजन नावाचं प्रथिन असतं. ते गरम पाण्यात मंद शिजलं की त्याचं जिलेटिन होतं आणि गार झालं की ते घट्ट बसतं. जेलीच्या काही पाकिटांत असतं तेच हे जिलेटिन.

ती वाया गेलेली कोंबडी

आता एक दुःखाची गोष्ट. एका सोमवारी मांस सुटं करायची पाळी भाच्याची होती. जेवण झालं, टीव्हीवर सामना रंगात आला आणि "पाच मिनिटांत करतो" म्हणता म्हणता सगळे झोपायला गेले. सकाळी पाहिलं तर अर्ध्याहून जास्त कोंबडी ओट्यावर तशीच!

मी वास घेतला. काहीच बिघडलेलं वाटेना. आम्ही ताटात शीत न टाकण्याच्या शिकवणीत वाढलेलो. मी म्हटलं, "चांगली आहे गं. छान उकळून घेऊ, म्हणजे काही होणार नाही."

भाचीने ठामपणे मान हलवली. "नाही मावशी. काही जंतू अन्नात विष तयार करतात. उकळल्यावर जंतू मरतात, पण ते विष तसंच राहतं. आणि त्याला वासही येत नाही."

मी बहिणीकडे पाहिलं. दिवसभर प्रयोगशाळेत जंतूच पाहणारी ती म्हणाली, "ताई, ती बरोबर सांगतेय." आणि कोंबडी कचऱ्याच्या डब्यात गेली.

भाचा रडवेला झाला. "माझ्यामुळे फुकट गेली," म्हणाला. मला वाटलं, आता बोलणी बसणार. पण बहिणीने त्याला जवळ घेतलं आणि विचारलं, "पुढच्या वेळी विसरू नये म्हणून काय करशील?" त्याने स्वतःच उपाय शोधला. कोंबडी घरात आली की ओव्हनवरच्या घड्याळाचा गजर लावायचा. गजर वाजला की सामना कितीही रंगात असो, उठायचं. मी तिथे असेपर्यंत तो पुन्हा एकदाही चुकला नाही.

खरं सांगू? त्या दिवशी चुकीचा सल्ला देणारी मी होते. पन्नाशीच्या मावशीला तेरा वर्षांच्या मुलीने वाचवलं.

हे पक्कं लक्षात ठेवा

- भाजलेलं चिकन बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका. हवा ३२ अंश सेल्सिअसच्या वर तापली असेल तर फक्त एक तास! आपल्याकडच्या उन्हाळ्यात एक तासच धरा. दुकानातून घरी आणायचा वेळही यातच मोजायचा.
- फ्रिजमध्ये ठेवलेलं चिकन तीन ते चार दिवसांत संपवा. डब्यावर तारीख लिहून ठेवा.
- गरम करताना नुसतं कोमट करू नका. आतपर्यंत ७४ अंश व्हायला हवं, म्हणजे रस्सा खदखदला पाहिजे आणि वाफा आल्या पाहिजेत.
- कच्च्या मांसाची सुरी आणि पाट शिजलेल्या चिकनला वापरू नका.
- गॅस, सुरी आणि कुकर वापरताना मोठं माणूस जवळ हवंच.

आपल्या घरी कसं करायचं?

"पण आमच्याकडे कुठे मिळते ती रोटिसरी?" असं विचाराल. आपल्या शहरांत काही दुकानांत कोंबड्या काचेआड फिरताना दिसतात. नाही दिसल्या तर कोपऱ्यावरचं तंदुरी चिकन आहेच की! ते तंदूरमध्ये भाजतात, पण युक्ती तीच. एक दिवस पोळी-कांद्याबरोबर, दुसऱ्या दिवशी उरलेले तुकडे रश्श्यात किंवा पोळीच्या गुंडाळीत. फक्त त्यात मसाला आधीच असतो, तेव्हा तिखट-मीठ बेताने घाला.

आणि उरलेल्या तंदुरीला कमी समजू नका हं. जगभर गाजलेल्या बटर चिकनचा जन्म दिल्लीत असाच झाला असं सांगतात. तंदुरी चिकन उरून सुकू नये म्हणून ते टोमॅटो-लोण्याच्या रश्श्यात घातलं आणि नवा पदार्थ तयार झाला! तो पहिल्यांदा कुणी केला यावरून २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दावासुद्धा दाखल झाला. उरलेल्या चिकनचा केवढा हा मान!

ज्यांच्या घरी चिकन चालत नाही, त्यांनी हाच बेत उकडलेल्या छोल्यांचा करावा. एकदाच भरपूर उकडून फ्रिजमध्ये ठेवायचे, मग एक दिवस उसळ, दुसऱ्या दिवशी पोळीत गुंडाळून, तिसऱ्या दिवशी सूप.

मी परत यायच्या आदल्या बुधवारी एडिसनला बर्फ पडत होतं. मेहुण्यांची गाडी उशिरा आली. बहीणही दमून आली आणि सवयीने थेट ओट्याकडे वळली. भाच्याने तिची पर्स काढून घेतली, खुर्ची पुढे सरकवली आणि म्हणाला, "आई, बस. आज सूप आहे."

ती बसली. वाटी दोन्ही हातांत धरून थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "मीठ अगदी बरोबर पडलंय रे."

तर दोस्तांनो, या आठवड्यातली एक संध्याकाळ तुम्ही मागून घ्या. आई-बाबांना आधी विचारा, यादी करा, हात धुवा आणि कामाला लागा. मग "आज जेवायला काय?" हा प्रश्न आईला विचारू द्या. उत्तर तुम्ही द्यायचं!