किरणोत्सर्गावर नजर ठेवणारी माणसं: काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

अणुऊर्जा नियामक मंडळाचं नाव निघालं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे तारापूरची अणुभट्टी उभी राहते. मंडळाची स्थापना 15 नोव्हेंबर 1983 ला झाली, मुख्यालय मुंबईत अणुशक्तीनगरच्या नियामक भवनात आहे, आणि अणुभट्ट्या त्याच्या देखरेखीखाली आहेत, हे सगळं खरं. पण मंडळाने लक्ष ठेवायच्या ठिकाणांची यादी काढली, तर त्यात अणुभट्ट्या संख्येने अगदी थोड्या भरतात. तालुक्याच्या गावातल्या दवाखान्यातलं एक्स-रे मशीन, सीटी स्कॅन, हृदयरोग्यांची कॅथलॅब, कर्करोगाच्या उपचाराचे लिनिअर ॲक्सिलरेटर, वेल्डिंगचे सांधे तपासणारे इरिडियमचे कॅमेरे, कारखान्यातल्या टाकीत माल किती आहे ते मोजणारे गेज, हे सगळं त्या यादीत येतं. 2007 मध्ये हापूस अमेरिकेला जाऊ लागला तो ज्या लासलगावच्या विकिरण केंद्रातून, तेही येतं.

ही यादी आधी सांगण्याचं कारण असं, की मंडळात कोणती माणसं लागतात आणि त्यांना काय शिकवावं लागतं, याबद्दलचे बरेच गैरसमज ती नजरेआड झाल्यानेच होतात.

‘भौतिकशास्त्राची मोठी पदवी असली की पुरे’

पदवी लागतेच, तिच्यावाचून पाऊल टाकता येत नाही. पण आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने नियामकाच्या मनुष्यबळासाठी जी चौकट घातली आहे, तिच्यात तांत्रिक ज्ञान हा चारांतला एक भाग आहे. दुसरा भाग कायद्याचा: आपल्याला कोणते अधिकार आहेत, कोणत्या नियमाखाली यंत्र बंद करता येतं, हे नेमकं माहीत असणं. तिसरा नियामक कामाच्या पद्धतींचा, म्हणजे परवान्याचा अर्ज तपासणं, तपासणीची आखणी करणं, कारवाईच्या पायऱ्या ठरवणं. चौथा भाग स्वभावाचा आणि वागण्याचा. प्रश्न विचारता येणं, ऐकून घेता येणं, आणि समोर कितीही मोठा माणूस असला तरी ‘नाही’ म्हणता येणं.

मला हा चौथा भाग सगळ्यात अवघड वाटतो. कॅथलॅबमधलीच गोष्ट घ्या. तिथे काम करणाऱ्या डॉक्टरांनी आणि तंत्रज्ञांनी छातीवर, शिशाच्या ॲप्रनच्या आत टीएलडी बॅज लावायचा असतो. दर तीन महिन्यांनी तो प्रयोगशाळेत जातो आणि कुणाला किती मात्रा लागली ते कळतं. वर्षाला सरासरी 20 मिलिसिव्हर्ट, सलग पाच वर्षांच्या हिशेबाने, आणि कोणत्याही एका वर्षात 30 पेक्षा जास्त नाही, ही आपल्याकडची कर्मचाऱ्यांसाठीची मर्यादा. आता समजा, दिवसभर अँजिओप्लास्टी करणाऱ्या डॉक्टरांच्या बॅजवर तिमाहीमागून तिमाही शून्य येतं आहे. कागद बघणारा माणूस खूश होऊन पुढच्या पानावर जाईल. तयार झालेला निरीक्षक तिथेच थांबेल. एवढ्या कामात शून्य येतंच कसं? बॅज ड्रॉवरमध्ये तर पडून राहत नाही ना? हा प्रश्न गावातल्या सगळ्यात नामवंत डॉक्टरांना, त्यांच्याच रुग्णालयात, अपमान न करता पण उत्तर मिळेपर्यंत विचारायचा असतो. असं विचारणं पुस्तकातून येत नाही. त्यासाठी अनुभवी निरीक्षकाबरोबर अनेकदा जावं लागतं आणि तो कुठे थांबतो, कुठे बघतो, हे बघावं लागतं.

शिशाचा ॲप्रन हँगरला टांगलेला आहे की घडी करून कोपऱ्यात टाकलेला? घडीवर आतलं शिसं तडकतं आणि बाहेरून काही कळत नाही. एक्स-रे चालू असताना खोलीचं दार लावलेलं असतं का? इरिडियमच्या कॅमेऱ्याचं काम तर पुष्कळदा रात्री चालतं, आसपास इतर कामगार नसावेत म्हणून. क्रँक फिरवून स्रोत नळीतून बाहेर जातो, आणि काम झालं की त्याच वाटेने कॅमेऱ्यात परत यायला हवा. तो परत आला की नाही, हे डोळ्यांना दिसत नाही. ते सर्व्हे मीटरच सांगतो, तोही चालू आणि वेळेवर कॅलिब्रेट केलेला असेल तर. ज्याने असं काम रात्री साइटवर उभं राहून पाहिलेलं नाही, त्याला दिवसा ऑफिसात बसून रजिस्टर तपासताना चूक कुठे असेल ते कसं उमगणार?

‘इन्स्पेक्टर वाढवा, प्रश्न सुटेल’

माणसं कमी पडतात, ही तक्रार निराधार नाही. भारताच्या नियंत्रक आणि महालेखापरीक्षकांनी, म्हणजे कॅगने, 2012 च्या अहवालात दिलेला हिशेब आजही अस्वस्थ करतो. देशातल्या 57,443 वैद्यकीय एक्स-रे यंत्रांपैकी मंडळाकडे नोंद होती 5,270 ची. उरलेल्या सुमारे 91 टक्के यंत्रांवर किरणोत्सर्ग सुरक्षेची देखरेखच नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये प्रत्येक राज्यात किरणोत्सर्ग सुरक्षा संचालनालय उभारायला सांगितलं होतं. कॅगने पाहणी केली तेव्हा ते फक्त केरळ आणि मिझोराममध्ये होतं. म्हणजे आपल्या महाराष्ट्रातही नव्हतं.

तरीही नुसती भरती हे उत्तर नाही. नोंदच नसलेल्या यंत्रापर्यंत कोणताही इन्स्पेक्टर पोहोचू शकत नाही. एप्रिल 2010 मध्ये दिल्लीतल्या मायापुरीच्या भंगार बाजारात कोबाल्ट-60 उघडं पडलं, एकाचा जीव गेला आणि आणखी काही जण गंभीर आजारी पडले. ते यंत्र दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातून, अनेक वर्षं वापराविना पडून राहिल्यावर, लिलावात भंगार म्हणून विकलं गेलं होतं. कोबाल्ट-60 ची तीव्रता निम्मी व्हायला सव्वापाच वर्षं लागतात, तेव्हा यंत्र बंद पडलं म्हणून धोका संपत नाही. इथे उणीव होती ती स्रोत जन्मापासून विल्हेवाटीपर्यंत कुणाच्या ताब्यात आहे याचा माग ठेवण्याची. असा माग ठेवायला नोंदीची व्यवस्था चालवणारी, आकडे जुळत नाहीत हे ओळखणारी माणसं लागतात. पुढे मंडळाने परवान्यांचं आणि स्रोतांच्या नोंदींचं काम ई-लोरा या ऑनलाइन प्रणालीवर आणलं, ते याच दिशेचं पाऊल.

आणि सगळीकडे सारखीच माणसं, सारख्याच वेळा पाठवायची नसतात. जिथे धोका मोठा तिथे जास्त अनुभवी माणूस, जास्त वेळा. दातांच्या एक्स-रेला आणि रेडिओथेरपीच्या विभागाला एकच मापदंड लावला तर पहिल्यावर वेळ वाया जातो आणि दुसऱ्याला वेळ अपुरा पडतो.

‘रुग्णालयातला आरएसओ म्हणजे मंडळाचा माणूस’

नाही. रेडिएशन सेफ्टी ऑफिसर हा त्या संस्थेचाच कर्मचारी असतो, मंडळ त्याच्या नेमणुकीला मान्यता देतं. 2004 च्या किरणोत्सर्ग संरक्षण नियमांनी सुरक्षेची पहिली जबाबदारी यंत्र वापरणाऱ्या संस्थेवर टाकली आहे. निरीक्षक वर्षातून एखादा दिवस येईल, उरलेले दिवस तिथे आरएसओ आहे. त्याचं प्रशिक्षण कच्चं असेल, किंवा व्यवस्थापन त्याचं ऐकत नसेल, तर नियामक भवनातल्या उत्तम माणसाचाही उपयोग नाही.

‘तज्ज्ञ बाहेरून मागवता येतात, स्वतःचे कशाला हवेत?’

हा प्रश्न आपल्याकडे जुना आणि नाजूक आहे. 1957 मध्ये तुर्भ्याला सुरू झालेल्या भाभा केंद्राच्या ट्रेनिंग स्कूलमधून अणुऊर्जा क्षेत्राला पिढ्यान्‌पिढ्या माणसं मिळाली, नियामक मंडळालाही मिळाली. ते ज्ञान मोलाचंच आहे. पण ज्यांचं काम तपासायचं त्यांच्याच संस्थांतून तपासणारे आले तर निर्णय मोकळा राहतो का, हे मंडळाचे माजी अध्यक्ष ए. गोपालकृष्णन जाहीरपणे विचारत आले. आंतरराष्ट्रीय संकेत बाहेरच्या तज्ज्ञांचा सल्ला घ्यायला मना करत नाहीत. मात्र सल्ला पारखण्याइतकं ज्ञान नियामकाकडे स्वतःचं असलंच पाहिजे, आणि निर्णय त्यानेच घेतला पाहिजे. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने मंजूर केलेल्या ‘शांती’ कायद्याने मंडळाला वैधानिक दर्जा दिला. कायद्याने दिलेलं स्वातंत्र्य वापरायचं तर स्वतःच्या हिमतीवर उत्तर देऊ शकणारी माणसं आत असायला हवीत.

ती नसली तर काय होतं, हे जपानने 2011 मध्ये फुकुशिमात पाहिलं. तिथला नियामक अणुऊर्जेला प्रोत्साहन देणाऱ्या मंत्रालयाचाच भाग होता, आणि अधिकारी थोड्या वर्षांनी दुसऱ्या खात्यात बदलून जात. विषयात मुरायला वेळच मिळत नसे, माहितीसाठी वीज कंपनीवर विसंबावं लागे. सप्टेंबर 2012 मध्ये नवी नियामक संस्था स्थापन झाली, तेव्हा तिथे गेलेल्यांनी अणुऊर्जेला चालना देणाऱ्या खात्यांत परतू नये असा नियमच करण्यात आला.

‘प्रशिक्षण रुजू होताना एकदाच’

अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाचं प्रशिक्षण केंद्र टेनेसीतल्या चॅटनूगा इथे आहे. तिथे अणुभट्टीच्या नियंत्रणकक्षाच्या हुबेहूब सिम्युलेटरवर निरीक्षक शिकतात. वर्ग, प्रत्यक्ष काम आणि शेवटी अनुभवी अधिकाऱ्यांच्या पॅनेलपुढे तोंडी परीक्षा झाल्याशिवाय त्यांना स्वतंत्र तपासणीची जबाबदारी मिळत नाही. प्रकल्पावर नेमलेला निरीक्षक एका जागी जास्तीत जास्त सात वर्षं राहू शकतो. फार काळ एकाच ठिकाणी राहिलं की तिथल्या माणसांशी जवळीक होते आणि नजर बोथट होते, म्हणून ही मर्यादा. बदली होऊन नव्या ठिकाणी गेलं, की तिथलं यंत्र पुन्हा शिकायचं.

आपल्याकडे मंडळ आयआयटी मुंबई आणि मद्रास इथल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देऊन स्वतःच्या सेवेत घेतं. पण आधीच सेवेत असलेल्या, कर्करोगावरच्या उपचाराच्या कोबाल्ट यंत्रांवर शिकलेल्या पिढीपुढे आता संगणकाने चालणारे ॲक्सिलरेटर आहेत. त्यात चूक लोखंडातच असेल असं नाही, आज्ञावलीतही असू शकते. त्यामुळे तीस वर्षं सेवा झालेल्या अधिकाऱ्यालाही पुन्हा वर्गात बसावं लागतं. आणि तो निवृत्त होण्याच्या किमान दोन-तीन वर्षं आधी त्याच्याबरोबर तपासणीला जाणारा तरुण नेमलेला असावा लागतो, कारण कोणत्या प्रकारच्या साइटवर रजिस्टर नीट असूनही संशय घ्यावा, हे त्याने कुठल्या फाइलीत लिहिलेलं नसतं.