पगडीवाला कॅप्टन अमेरिका

2013 साली न्यूयॉर्कच्या रस्त्यावर एक सडपातळ, चष्मेवाले शीख गृहस्थ निळा-तांबडा पोशाख घालून, हातात ढाल घेऊन फिरले. डोक्यावर पगडी, दाढी तशीच. हे व्यंगचित्रकार विश्वजीत सिंग, आणि पोशाख कॉमिकमधल्या कॅप्टन अमेरिकाचा. एरवी पगडीकडे संशयाने पाहणारे लोक त्या दिवशी त्यांच्याबरोबर फोटो काढायला पुढे आले.

संशयाचे कारण आपल्याला आठवत असेल. 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यानंतर चारच दिवसांनी अॅरिझोनात बलबीर सिंग सोढी यांना अतिरेकी समजून गोळी घातली गेली. शाळेत पगडीवरून चिडवले जाणाऱ्या मुलाला नुसता गुरूंचा इतिहास ऐकवून भागत नाही; आपल्यासारखा दिसणारा नायक त्याला पाहावासा वाटतो. म्हणून सिंग शाळाशाळांत जातात, चित्रे दाखवतात, गोष्ट सांगतात.

शिखांना एक मर्यादा मात्र पाळावी लागते. नटाने गुरूंची भूमिका करणे त्यांना मान्य नाही, चित्र चालते. आपल्याकडे नाही का, एलियाहू हानाबीची रथातली तसबीर भिंतीवर असे, पण मूर्ती कधीच नाही!

आणि हा कॅप्टन अमेरिका निर्माण केला जो सायमन व जॅक कर्बी या दोन यहुदी तरुणांनी. 1941 च्या पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर तो हिटलरला ठोसा मारतो आहे, आणि तेव्हा अमेरिका युद्धात उतरलीही नव्हती. मराठी न वाचणाऱ्या आमच्या नातवंडांना हे मुखपृष्ठ दाखवले, तेव्हा ती प्रथमच आमच्या शेजारी येऊन बसली.