नवाश्मयुगीन महापाषाणी थडग्यांचे वर्गीकरण आणि ती उभारणाऱ्या संस्कृती : एक विवेचन

प्रस्तावना

युरोप खंडात आज सुमारे ३५,००० महापाषाणी वास्तू शिल्लक आहेत. पोर्तुगालच्या किनाऱ्यापासून दक्षिण स्वीडनपर्यंत आणि स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी बेटांपासून भूमध्य समुद्रातील बेटांपर्यंत त्या विखुरलेल्या आहेत. त्यांतील एक मोठा गट नवाश्मयुगीन शेतकरी समाजांनी उभारलेल्या सामूहिक थडग्यांचा आहे. 'मेगालिथ' ही संज्ञा 'मेगास' म्हणजे मोठा आणि 'लिथोस' म्हणजे दगड या दोन ग्रीक शब्दांवरून बनली असून मराठीत तिच्यासाठी महापाषाण, महाश्म, बृहदश्म असे पर्याय रूढ आहेत.

या संज्ञेबाबत आरंभीच एक खुलासा आवश्यक ठरतो. महाराष्ट्रातील विद्यार्थ्याला 'महापाषाण संस्कृती' परिचित असते ती विदर्भातील. जुनापाणी, टाकळघाट-खापा, माहुरझरी, नैकुंड येथील शिलावर्तुळे, त्यांत सापडलेली लोखंडी अवजारे आणि घोड्याचे अवशेष यांमुळे ही संज्ञा त्याच्या मनात लोहयुगाशी जोडलेली असते, आणि विदर्भापुरते ते योग्यही आहे. या स्थळांचा काळ इ. स. पूर्व पहिल्या सहस्रकातील आहे. पश्चिम युरोपातील थडगी मात्र मुख्यतः इ. स. पू. ४५०० ते २५०० या काळातील असून त्यांच्या निर्मात्यांना लोखंड ठाऊक नव्हते. नाव एकच असले तरी काळ, तंत्रज्ञान व समाजरचना या तिन्ही बाबतींत ही दोन विश्वे वेगळी आहेत. अर्थात 'महापाषाण' हा शब्द बांधकामाची एक रीत सांगतो. तो एखाद्या युगाचे वा लोकसमूहाचे नाव नव्हे.

हीच बाब युरोपीय थडग्यांच्या अंतर्गत वर्गीकरणालाही लागू पडते. थडग्याचा आकार आणि ते बांधणारी संस्कृती यांचे समीकरण कसे मांडले गेले, ते का ढासळले आणि आज वर्गीकरणाचा उपयोग कोणत्या मर्यादेत करावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

रूपावर आधारित वर्गीकरण

या थडग्यांचे मूळ घटक तीन : भिंतींचे काम करणाऱ्या उभ्या शिळा, त्यांवरील छतशिळा आणि संपूर्ण रचना झाकणारी मातीची वा दगडांची रास. आज उघड्यावर दिसणारे अनेक सांगाडे मुळात अशा राशीखाली, निदान अंशतः तरी, झाकलेले होते. या घटकांच्या मांडणीवरून पुढील प्रमुख प्रकार मानले जातात.

अ) डोल्मेन : काही उभ्या शिळांवर एक वा अधिक छतशिळा ठेवून केलेली साधी कोठडी. डेन्मार्क व उत्तर जर्मनीत हा प्रकार विपुल आढळतो.

आ) मार्गिका-थडगे (पॅसेज ग्रेव्ह) : अरुंद मार्गिकेतून जाऊन आतील रुंद दालनात प्रवेश. मार्गिका आणि दालन यांतील फरक स्पष्ट असतो. आयर्लंडमधील न्यूग्रेंज हे याचे सर्वश्रुत उदाहरण. सुमारे ८५ मीटर व्यासाच्या राशीत सुमारे १९ मीटर लांबीची मार्गिका असून दालनाचे छत दगडांचे थर एकावर एक आत सरकवत नेऊन मिटवले आहे. हिवाळ्यातील अयनदिनी उगवत्या सूर्याचा किरण प्रवेशद्वारावरील खास झरोक्यातून थेट दालनात पोहोचतो. एम. जे. ओ'केली यांनी १९६७ साली ही घटना प्रत्यक्ष नोंदवली. इ. स. पू. ३२०० च्या सुमाराची ही वास्तू गिझाच्या महापिरॅमिडहून सुमारे सहा शतकांनी जुनी आहे.

इ) वीथी-थडगे (गॅलरी ग्रेव्ह) : मार्गिका व दालन असा भेद नसलेले, समांतर भिंतींचे लांबट दालन. पॅरिसचे खोरे आणि जर्मनीतील हेसेन व वेस्टफालिया येथे हा प्रकार ठळक आहे. काही थडग्यांत प्रवेशाची शिळा गोल भोक पाडून बसवलेली असते.

ई) लांबट राशीतील दालने : इंग्लंडमधील कॉट्सवोल्ड-सेव्हर्न गटात लांबट, एका टोकाला निमुळत्या होत जाणाऱ्या राशीत दालने असतात. वेस्ट केनेट येथे ती रुंद टोकाशी आहेत, तर हेझलटन नॉर्थ येथे राशीच्या दोन्ही कुशींतून आत जाणारी आहेत.

प्रादेशिक अभ्यासांत या चौकटीचे अधिक सूक्ष्म भेद केले जातात. आयर्लंडमध्ये प्रांगण-थडगी, द्वार-थडगी, मार्गिका-थडगी व पाचरीच्या आकाराची थडगी असे चार वर्ग रूढ आहेत. स्कॉटलंडमधील थडग्यांची पद्धतशीर नोंद ऑड्री हेन्शल यांनी १९६३ व १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या दोन खंडांत केली.

वर्गीकरणामागील गृहीतके

वर्गीकरण ही वरकरणी तटस्थ कृती भासते; पण तिच्या प्रत्येक टप्प्यावर एक ऐतिहासिक सिद्धांत गृहीत धरलेला होता. स्वीडिश पुरातत्त्वज्ञ ऑस्कर माँतेलियस यांनी उत्तर युरोपातील थडग्यांचा डोल्मेन, मार्गिका-थडगे आणि दगडी पेटी असा क्रम लावला आणि या वास्तूंची मूळ प्रेरणा पूर्वेकडून आल्याचे प्रतिपादले. डब्ल्यू. जे. पेरी यांनी १९२३ साली जगभरातील महापाषाणी वास्तूंचे श्रेय इजिप्तमधून निघालेल्या संस्कृतिप्रसारकांना दिले. व्ही. गॉर्डन चाइल्ड यांनी इतका टोकाचा प्रसरणवाद नाकारला; तरीही सागरी मार्गाने नवा धर्म घेऊन आलेल्या 'महापाषाणी धर्मप्रसारकां'ची कल्पना त्यांनी मांडलीच. ग्लिन डॅनियल यांनी मार्गिका-थडगे व वीथी-थडगे हे दोन मूलभूत वर्ग मानून त्यांमागे वसाहतकारांचे दोन वेगळे प्रवाह शोधले.

या सर्व मांडण्यांचा तर्क एकच होता : आकार सारखा, म्हणून उगम एक, उगम एक, म्हणून लोक एक. इबेरियातील घुमटाकार थडगी ग्रीसमधील मायसीनीच्या थडग्यांसारखी दिसतात, म्हणून ती त्यांच्यानंतरची असली पाहिजेत, असा निष्कर्ष या तर्कातून निघत असे. कालमापनाचे स्वतंत्र साधन नसल्यामुळे तो पडताळून पाहण्याची सोय नव्हती.

कार्बन-१४ कालमापन आणि प्रसरणवादाचा पाडाव

विलार्ड लिबी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली कार्बन-१४ कालमापनाची पद्धत सिद्ध केली. पुढे १९६० च्या दशकात झाडांच्या वर्षवलयांच्या साहाय्याने या कालमापनाची दुरुस्ती होऊ लागली आणि पश्चिम युरोपातील तारखा आणखी काही शतके मागे गेल्या. ब्रिटनीतील बार्नेने येथील सुमारे ७२ मीटर लांबीच्या राशीत अकरा मार्गिका-थडगी असून पाच आधीच्या व सहा नंतरच्या टप्प्यात बांधलेली आहेत. त्यांचा आरंभ इ. स. पूर्व पाचव्या सहस्रकातील ठरला. मायसीनीची घुमटाकार थडगी इ. स. पूर्व दुसऱ्या सहस्रकातील आहेत. म्हणजे ज्यांना अनुकरण मानले गेले, ती थडगी मानलेल्या मूळ नमुन्याहून कितीतरी जुनी निघाली.

कॉलिन रेन्फ्र्यू यांनी १९७३ च्या 'बिफोर सिव्हिलायझेशन' या ग्रंथात या उलथापालथीची मीमांसा केली. ब्रिटनी, इबेरिया, डेन्मार्क, ब्रिटन अशा अनेक ठिकाणी ही परंपरा स्वतंत्रपणे उगवली, असे त्यांचे म्हणणे होते. हा प्रश्न मात्र तिथेच मिटला नाही. बेटिना शुल्झ पॉल्सन यांनी २०१९ साली २,४१० कार्बन-१४ तारखांचे सांख्यिकीय विश्लेषण करून या परंपरेचा आरंभ इ. स. पू. ४५०० च्या सुमारास वायव्य फ्रान्समध्ये झाला व ती मुख्यतः सागरी मार्गाने पसरली, असे मत मांडले. प्रसाराची कल्पना अशा रीतीने परतली. पण आता तिचा आधार आकारातील साम्य हा नसून मोजलेला काळ हा आहे.

थडगी उभारणाऱ्या संस्कृती

पुरातत्त्वातील 'संस्कृती' प्रामुख्याने मृद्भांडी, अवजारे व घरे यांवरून ओळखल्या जातात. त्या आणि थडग्यांचे प्रकार एकमेकांवर तंतोतंत बसत नाहीत. उत्तर युरोपातील फनेल-बीकर संस्कृतीचे उदाहरण बोलके आहे. नरसाळ्यासारख्या गळ्याच्या मृद्भांड्यांवरून ओळखल्या जाणाऱ्या या संस्कृतीने डेन्मार्कमध्ये डोल्मेन व मार्गिका-थडगी बांधली. नेदरलँड्समध्ये 'हुनेबेड' या नावाने ओळखली जाणारी थडगी उभारली, ज्यांपैकी ५४ शिल्लक असून ५२ ड्रेंथ प्रांतात आहेत. तर पोलंडमधील कुयाविया भागात मोठ्या दगडी दालनांविना मातीच्या लांबट राशी रचल्या. संस्कृती एक, थडगी तीन तऱ्हांची.

याउलट पॅरिसच्या खोऱ्यातील सेन-वाझ-मार्न संस्कृती आणि हेसेनमधील वार्टबर्ग संस्कृती यांची मृद्भांडी निरनिराळी. परंतु वीथी-थडग्यांचा आराखडा मात्र लक्षणीय रीत्या सारखा. येथे थडग्याचा प्रकार एक, संस्कृती दोन. दक्षिण स्पेनमधील लॉस मियारेस येथील घुमटाकार थडगी तर तांबे वापरणाऱ्या समाजाची आहेत, आणि सार्डिनियातील 'राक्षसांची थडगी' कांस्ययुगातील. त्यामुळे युरोपातही 'महापाषाणी' आणि 'नवाश्मयुगीन' हे शब्द समानार्थी मानता येत नाहीत.

एकाच वास्तूचे अनेक काळ

रूपावर आधारित वर्गीकरणाची आणखी एक अडचण अशी की, ते वास्तूला एकाच क्षणी गोठवते. इंग्लंडमधील वेलँड्स स्मिथी येथे आधी लाकडी शवगृहावर लंबगोल रास घातली गेली. आणि तीवरच इ. स. पू. ३४६० ते ३४०० च्या दरम्यान दगडी दालनांची मोठी रास उभी राहिली. ही वास्तू कोणत्या वर्गात घालावयाची, याचे उत्तर कोणता टप्पा विचारात घेतला यावर अवलंबून राहते. ब्रिटनीतील गाव्रिनीच्या दालनावरील छतशिळा हा आधीच्या एका कोरीव उभ्या पाषाणाचा तुकडा असून त्याच पाषाणाचा दुसरा भाग सुमारे चार किलोमीटरवरील ताब्ल दे मार्शां या थडग्याचे छत बनला आहे. म्हणजे थडगे बांधताना जुने स्मारक मोडले गेले.

वापराच्या कालावधीबाबतही जुने अंदाज बदलले आहेत. वेस्ट केनेट येथील दफने अनेक शतके चालू होती, असे पूर्वी मानले जाई. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या सांख्यिकीय कालनिश्चितीनुसार तेथील मूळ दफने बहुधा दहा ते तीस वर्षांतच आटोपली. सुमारे एका पिढीसाठी बांधलेली वास्तू आणि शेकडो वर्षे वापरात असलेले समाधिस्थान यांचे सामाजिक अर्थ अगदी भिन्न आहेत. पण आराखड्यावरून हा फरक कळू शकत नाही.

जनुकीय पुराव्याने दिलेले नवे परिमाण

गेल्या दशकातील प्राचीन डीएनएच्या अभ्यासाने थडग्यात नेमके कोण पुरले आहे, या प्रश्नाला प्रथमच थेट उत्तर मिळू लागले. हेझलटन नॉर्थ येथील ३५ व्यक्तींच्या २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २७ जण एकाच कुळातील पाच पिढ्यांचे आढळले. हे कूळ एक पुरुष व त्याच्यापासून संतती झालेल्या चार स्त्रियांपासून सुरू होते. वंश पित्याकडून मोजला जात होता. तरीही उत्तरेच्या की दक्षिणेच्या दालनात स्थान मिळावयाचे, हे प्रामुख्याने या चौघींपैकी कोणत्या स्त्रीच्या शाखेत जन्म झाला यावर ठरत असल्याचे दिसते. दोन बाजूंच्या दालनांचा आराखडा येथे मातृशाखांचा आराखडा ठरतो.

मार्गिका-थडग्यांचा पुरावा अधिक उद्बोधक आहे. स्वीडनमधील फ्रेल्सेगार्डेन येथील मार्गिका-थडग्यात पितृवंशीय कुटुंबाच्या सलग सहा पिढ्या ओळखल्या गेल्या. आयर्लंडमधील मार्गिका-थडग्यांत मात्र अशी जवळच्या नातलगांची दाटी आढळत नाही. दूरदूरच्या स्थळी पुरलेल्या व्यक्तींमध्ये केवळ दूरचे जैविक नाते दिसते. न्यूग्रेंज येथील एका पुरुषाचे आईवडील अत्यंत निकटचे रक्तसंबंधी असल्याचे २०२० साली निष्पन्न झाले आणि त्यावरून राजघराण्याची कल्पना मांडली गेली. परंतु एका व्यक्तीच्या कवटीच्या तुकड्यावरून संपूर्ण राजव्यवस्था उभी करण्यास २०२५ साली गंभीर आक्षेप घेण्यात आला. वर्ग तोच, आराखडा तोच. पण एका ठिकाणी ते कुळाचे समाधिस्थान आहे, तर दुसऱ्या ठिकाणी प्रवेशाचे निकष वेगळेच आहेत.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील मुद्दे हाती येतात.

१) थडग्यांचे रूपावर आधारित वर्गीकरण वर्णन व तुलना यांसाठी अपरिहार्य आहे, मात्र तो वंश, धर्म वा स्थलांतर यांचा पुरावा नव्हे.

२) रूप, बांधकामाचा काळ, वापराचा कालावधी, मृद्भांड्यांवरून ठरणारी संस्कृती आणि पुरलेल्यांचे परस्परनाते या पाच बाबींचे वर्गीकरण स्वतंत्रपणे करावयास हवे. त्या जिथे जुळतात तिथे ते जुळणे हाच एक निष्कर्ष असतो. ते आधीपासून गृहीत धरता येत नाही.

३) 'महापाषाण संस्कृती' हा एकवचनी शब्दप्रयोग अध्यापनात जपून वापरला पाहिजे. विदर्भाच्या संदर्भात लोहयुगीन आणि पश्चिम युरोपच्या संदर्भात मुख्यतः नवाश्मयुगीन, असे विशेषण प्रत्येक वेळी जोडले तर विद्यार्थ्यांच्या मनातील गोंधळ टळेल.

दगड मोठे होते, म्हणून ते टिकले. आणि टिकले म्हणून त्यांच्या आकाराला अभ्यासात अवाजवी महत्त्व मिळाले. त्या दगडांआड ठेवलेल्या माणसांचे परस्परांशी काय नाते होते, हा प्रश्न दीर्घकाळ मागे पडला होता. वर्गीकरणाची खरी उपयुक्तता हा प्रश्न अधिक नेमकेपणाने विचारण्यात आहे.