जाताना वारा पाठीशी, येताना समोर

हिवाळा सरल्यापासून पावसाळा येईपर्यंत सकाळी सातच्या सुमारास मिरामारच्या किनाऱ्यावरून पाहिले, तर समुद्र बहुधा तळ्यासारखा निवांत दिसतो. सहलीच्या नौका याच वेळी निघतात आणि दिवसभर समुद्र असाच राहील, असे प्रवासी गृहीत धरतात. गोव्याच्या किनाऱ्यावर ते क्वचितच खरे ठरते.

रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर निवते, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. हाच मतलई वारा. तो किनाऱ्याकडून येत असल्याने किनाऱ्यालगत लाट उठत नाही. मात्र यंत्र बंद पडले, तर हाच सौम्य वारा नौकेला खोल पाण्याकडे ढकलत नेतो. ऊन चढले की चित्र उलटते. तापलेल्या जमिनीवरची हवा वर जाते, समुद्रावरून खारे वारे सुटतात आणि दुपारी ते ऐन भरात येतात. या दिवसांत त्यांचा रोख बहुधा वायव्येकडून असतो.

दिवसाचे सारे गणित या दिशेवर बेतावे लागते. पणजीहून सकाळी दक्षिणेकडे, काब द रामाच्या बाजूला निघालेली नौका सहज जाते. परतताना मात्र वारा आणि लाटा दोन्ही समोरून येतात. वेग निम्म्यावर येतो, इंधन अधिक जळते आणि प्रत्येक लाटेवर नौका आपटते. उलट सकाळीच उत्तरेकडे, शापोऱ्याच्या दिशेने गेल्यास परतीला वारा पाठीशी मिळतो. इंधनाचा एक तृतीयांश जाण्यासाठी, एक येण्यासाठी आणि एक राखीव, हा जुना नियम अशाच दिवसांसाठी आहे. वारा 10 नॉटवरून (ताशी सुमारे साडेअठरा किलोमीटर) 20 नॉटवर गेला, तर त्याचा दाब दुप्पट नव्हे, चौपट होतो. लाटांच्या माथ्यावर पांढरे तुरे वाढू लागले, की परतीचा विचार व्हावा.

भूशिरे फसवतात, हेही ध्यानात ठेवावे. टोकाच्या आडोशाला पाणी शांत असते. वळसा घालताच वाऱ्याचा पूर्ण जोर अंगावर येतो.

खरी परीक्षा मात्र नदीच्या मुखाशी होते. मांडवीच्या मुखात वाळूचा दांडा आहे. पावसाळ्यात तेथील ये-जा धोक्याची होत असल्यानेच खनिजाचे बार्ज कुंभारजुव्याच्या कालव्याने मुरगावकडे नेले जात. उन्हाळ्यातही ओहोटीचे पाणी नदीतून वेगाने बाहेर पडत असताना समोरून वारा आला, की लाटा आखूड आणि उभ्या होतात. पाठीमागून आलेली अशी लाट लहान नौकेला आडवी करू शकते. भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. त्यामुळे या रविवारी दुपारी तीनला भरती असेल, तर पुढच्या रविवारी त्याच सुमारास ओहोटी असते. गेल्या वेळी सुखरूप आत आलो, हा अनुभव म्हणूनच पुरेसा नाही. वाऱ्याच्या अंदाजासोबत भरती-ओहोटीचे कोष्टकही पाहावे लागते आणि जीवरक्षक जॅकेट आसनाखाली न ठेवता निघतानाच अंगावर चढवावे लागते.

उशीर झालाच, तर ओहोटीचा जोर ओसरेपर्यंत भूशिराच्या आडोशाला नांगर टाकून थांबणे बरे. सूर्यास्तानंतर वारा पडतो. उसळलेले पाणी मात्र त्यानंतरही बराच वेळ निवत नाही, आणि तोवर अंधार झालेला असतो.