नेटवर्कचा इंटरप्ट : तातडी आणि मुदत

नियंत्रक यंत्रांचे प्रोग्राम तपासण्याचे काम ज्याच्या वाट्याला आले आहे अशा माझ्यासारख्या माणसाला एक वाक्य दर दोन-चार महिन्यांनी ऐकावेच लागते : “ही रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिम ना, मग पॅकेट आले की त्याचा सारा निकाल इंटरप्टमध्येच लावून टाकला, उगाच उशीर नको!” हे सांगणाऱ्याच्या मुद्रेवरचे कर्तव्यपूर्तीचे समाधान पाहून प्रथम हसू येते, आणि त्याच यंत्राची मोटार ऐन वेळी अडखळली म्हणजे ते मावळते.

रिअल-टाइम म्हणजे शीघ्र नव्हे, मुदतीत. जॉन स्टँकोविक यांनी १९८८ साली ‘आयईईई कॉम्प्युटर’ या नियतकालिकात अशाच गैरसमजांचा समाचार घेतला, तरी त्यांची वस्ती काही उठली नाही. टास्कांचे अग्रक्रम शेड्युलर पाहतो, इंटरप्टांचे हार्डवेअर; आणि या दोन दरबारांत हार्डवेअरचा दरबार वरचा असल्यामुळे इंटरप्टांतला कनिष्ठातला कनिष्ठ देखील टास्कांतल्या श्रेष्ठाला बाजूस सारतो. तेव्हा पॅकेटाचे सारे काम इंटरप्टमध्ये करणे म्हणजे आपल्या यंत्राचे वेळापत्रक तारेच्या दुसऱ्या टोकावरील अनोळखी, कदाचित बिघडलेल्या, यंत्राच्या स्वाधीन करणे होय.

हिशेब करून पाहावा. इथरनेटची ६४ बाइटांची किमान फ्रेम, तिच्या आधीचे ८ बाइट आणि नंतरचे १२ बाइटांचे सक्तीचे अंतर मिळून ६७२ बिट होतात. १०० मेगाबिटच्या तारेवर त्यांना ६.७२ मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला सुमारे १,४८,८०० फ्रेमा येऊ शकतात. प्रत्येकीमागे इंटरप्टने अवघे ७ मायक्रोसेकंद घेतले, तरी एका सेकंदात १.०४ सेकंदांचे काम उभे राहते. मग मोटारीने कोणाकडे दाद मागावी? जेफ्री मोगुल व के. के. रामकृष्णन यांनी १९९६ साली दाखवून दिले की अशा माऱ्याखाली यंत्र अहोरात्र पॅकेटे स्वीकारीत राहते आणि त्यांतले एकही मुक्कामी पोचवू शकत नाही.

त्यांचा उपाय कोणत्याही जुन्या कचेरीतल्या कारकुनाला आपला वाटेल. दारावर थाप पडली की मामलेदारांनी स्वतः उठावयाचे नसते; पट्टेवाल्याने वर्दी द्यावी, बारनिशी कारकुनाने टपाल आपल्या वेळेला आणि ठरलेल्या संख्येपुरतेच उचलावे, आणि तोवर थाप बंद ठेवावी. तसेच इंटरप्टने नेटवर्कचा इंटरप्ट झाकावा, टास्कला जागे करावे व परतावे. टास्कने ठराविक कोट्यापुरती पॅकेटे काढावीत आणि रांग रिकामी झाल्यावरच इंटरप्ट पुन्हा उघडावा. व्हीएक्सवर्क्समध्ये हे काम ‘टीनेटटास्क’ करीत असे. त्याचा रूढ अग्रक्रम ५०, आणि तेथे ० हा सर्वोच्च असल्याने मोटारीचे टास्क त्याच्या वर बसविता येते. “मग पॅकेटे गळतील!” अशी हाकाटी यावर हमखास होते. गळतील, पण जे टाकावयाचेच आहे ते नेटवर्क कार्डाच्या दारातच टाकावे, त्यावर अर्धी मेहनत खर्चून मग टाकण्यात शहाणपण कोणते?

किरकोळ गैरसमजांना एकेक ओळ पुरे. पोलिंग म्हणजे मागासलेपणा नव्हे. त्यात कमाल विलंब आधीच सांगता येतो. अनेक पॅकेटांमागे एकच इंटरप्ट घेण्याची सोय फुकटची नाही. तिची किंमत विलंबात मोजावी लागते. लिनक्सला हे जमणारच नाही, ही समजूतही जुनी झाली : इंटरप्टांना टास्कांच्या पंक्तीत बसविणारी ‘प्रीएम्प्ट-आरटी’ ही जोड २०२४ साली ६.१२ या आवृत्तीत मुख्य प्रवाहात आली.

राहिला अग्रक्रमाचा आकडा. आर्मच्या कॉर्टेक्स-एम प्रोसेसरात इंटरप्टाचा आकडा जितका लहान तितका त्याचा मान मोठा. त्याच प्रोसेसरावर चालणाऱ्या फ्रीआरटॉसमध्ये टास्कांचा हिशेब नेमका उलटा. या एका गोंधळाबद्दल मात्र मी कोणालाही बोल लावीत नाही.