एक नाव, दोन मस्टँग : बॉस ३०२ आणि बॉस ४२९

१९६८ च्या फेब्रुवारीत जनरल मोटर्समध्ये हयात घालवलेले बंकी नडसन थेट फोर्डचे अध्यक्ष झाले आणि अमेरिकेच्या मोटारधंद्यात खळबळ उडाली. त्यांच्यामागून लॅरी शिनोडा हा डिझायनरही फोर्डमध्ये आला. मस्टँगला ‘बॉस’ हे नाव त्याचंच. साहेबांच्या मानाखातर ठेवलं, असं सांगतात. १९६९ मध्ये या नावाच्या दोन मस्टँग निघाल्या आणि अर्धशतक उलटूनही त्यांतली सरस कोणती, हा शौकिनांचा वाद मिटलेला नाही.

ट्रान्स-अ‍ॅम शर्यतीत पाच लिटरपेक्षा मोठं इंजिन चालत नसे, आणि तिथे शेव्हरोलेच्या कॅमारोने फोर्डला जेरीस आणलं होतं. बॉस ३०२ जन्मली ती याचा वचपा काढायला. ३०२ घनइंचांच्या आटोपशीर ब्लॉकवर नव्या ‘क्लीव्हलंड’ घराण्याचे मोठ्या व्हॉल्व्हचे हेड बसवले. कंपनीने ताकद सांगितली २९० हॉर्सपॉवर. इंजिन खालच्या फेऱ्यांवर थोडं आळसावलेलं, वर गेलं की खुलणारं. पण गाडीचा खरा गुण वळणावर दिसे. त्या काळच्या बहुतेक मसल कार सरळ रस्त्यावर शूर आणि वळण आलं की गांगरणाऱ्या. ही तशी नव्हती.

बॉस ४२९ ची कथा उफराटी आहे. नासकार शर्यतींमध्ये क्रायस्लरच्या हेमी इंजिनाला तोंड द्यायला फोर्डने सात लिटरचं अजस्र इंजिन घडवलं. ते शर्यतीत उतरवायचं तर आधी किमान ५०० गाड्यांत बसवून विकायला हवं, असा नियम. शर्यतीत पळणार होती फोर्डचीच दुसरी गाडी, टोरिनो. नियमाची पूर्तता मात्र मस्टँगच्या गळ्यात पडली. इंजिन बॉनेटखाली मावेना! मग मिशिगनमधल्या ब्रायटनला, कार क्राफ्टच्या कारखान्यात, पुढच्या सस्पेन्शनची रचना बदलून जागा केली आणि बॅटरी डिकीत हलवली. कागदावर ३७५ हॉर्सपॉवर. पण रस्त्यासाठी इंजिनाला इतकी वेसण घातलेली, की भरपूर डॉलर मोजणारं गिऱ्हाईक पहिल्या दाबाला थोडा हिरमुसत असे.

नडसनना १९६९ च्या सप्टेंबरमध्येच नारळ मिळाला. पुढच्याच वर्षी बड मूरच्या संघातून पार्नेली जोन्स आणि जॉर्ज फोल्मर यांनी बॉस ३०२ पळवली आणि फोर्डने ट्रान्स-अ‍ॅमचं अजिंक्यपद पटकावलं. ४२९ इंजिनानेही नासकारमध्ये शर्यती जिंकल्या, पण त्या मस्टँगच्या नावावर नाहीत.

आज लिलावात भाव ४२९ चाच चढा. दोन वर्षांत जेमतेम साडेतेराशे बनल्या, तर ३०२ साडेआठ हजारांच्या वर. शिवाय ‘जॉन विक’ चित्रपटात ४२९ चं नाव घेतलं गेल्यापासून तरुणांनाही ती ठाऊक झाली आहे. संग्रहात ठेवायला ४२९ घ्यावी, दुर्मीळ वस्तूचा मान तिला आहेच. चालवायची असेल तर मात्र बॉस ३०२. स्वतःच्या शर्यतीसाठी जन्मलेली आणि ती जिंकलेली मस्टँग या दोघींत तीच.